व्याघ्रमुखी हॉल आणि माझ्या चार चादरी

शनिवार, ८ मार्च २०२५. ऊन कडक. नळाला पाणी सहा ते पावणेसात. गॅसचा सिलिंडर आला. दही घट्ट लागलं. माझ्या चार मोतिया रंगाच्या चादरी समोर कृष्णाजींच्या हॉलमध्ये भिंती म्हणून लागल्या आहेत. उद्या अकराला पाहुणे. काहीही झालं तरी पंखा लावायचा नाही, असं वाणीनं सगळ्यांना बजावलं आहे.

एवढं लिहून मी वही मिटली खरी, पण मिटल्यावर वाटलं, हे वाचून कुणाला काय कळणार? चादरींच्या भिंती कशा झाल्या हे सांगायला कृष्णाजी कोण ते सांगितलं पाहिजे.

कृष्णाजी माझ्या समोरच राहतात. आमची चामराजपेटमधली गल्ली अकरा फूट रुंद आहे. माझ्या स्वयंपाकघरात फोडणी दिली की त्यांच्या ओसरीवर शिंक येते. घराणं भावसार, चार पिढ्या बेंगळुरूत, सगळे शिंपी. शाळेत मी घातलेले निळे पिनाफोर त्यांच्या वडिलांनी शिवलेले होते आणि नन्स त्यांच्या काजांची तारीफ करीत. कृष्णाजींनी शिलाईचं मशीन सोडलं, मापाची टेप मात्र सोडली नाही. खालच्या खोलीत त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. आता वय चौसष्ट. शर्टाच्या वरच्या खिशात टेप, पँटच्या खिशात गवंड्याचा पितळी ओळंबा. पँट त्या बाजूनं कायम थोडी खाली ओढलेली असते.

सुरुवातीला ते ग्रुप फोटो काढीत. गल्ल्या अरुंद, घरं अरुंद, माणसं मात्र पुष्कळ. सगळी बसवायची तर वाइड लेन्स लावावी लागे, आणि त्या लेन्सची एक खोड असते: मधली माणसं नीट येतात, कडेची रुंद होतात. कृष्णाजींना हे पहिल्याच लग्नात कळलं. नवऱ्यामुलाची आत्या डाव्या कडेला उभी होती. फोटोत ती अशी आली की तिनं स्टुडिओत येऊन काचेचं कपाट हलवलं. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला: कडेला बारीक माणसं, मध्ये जाड. पण जाड म्हणून मध्ये बोलावलेलं कुणाला आवडत नाही आणि बारीक म्हणून कडेला केलेलंही नाही. लग्नघरात माणसं हलवता हलवता त्यांचे निम्मे केस गेले, असं त्यांची बायको वाणी म्हणते.

१९९८ साली माझे यजमान निवृत्त झाले. ऑफिसातल्या त्या समारंभाचे फोटो कृष्णाजींनीच काढले. यजमान सगळ्यांत बारीक, म्हणून त्यांना उजव्या कडेला उभं केलं. सत्कार ज्याचा तोच कडेला, म्हणून साहेब नाराज झाले. पण फोटोत यजमान भरदार आले. चांगलं खाऊनपिऊन सुखी, असे. आयुष्यात ते तसे कधीच दिसले नव्हते. आज भिंतीवर हाराखाली आहे तो त्याच फोटोतून कापून घेतलेला. ‘काकांची तब्येत काय छान होती!’ असं लोक म्हणतात. मी हो म्हणते.

माणसांना कंटाळून कृष्णाजी इमारतींकडे वळले. इमारत हलत नाही आणि आरसा मागत नाही, असं ते म्हणत. बँका, दवाखाने, शाळा, आणि हल्ली विकायला काढलेले फ्लॅट. पण तिथंही लेन्स आलीच. उंच इमारत पुरी घ्यायची म्हणून कॅमेरा वर केला, की इमारत मागं रेलते, बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसासारखी. मग घरी येऊन कॉम्प्युटरवर तिला सरळ करायचं. त्यासाठी ते ओळंबा घेऊन जात. भिंतीवरून दोरी सोडून पाहायची, भिंत खरोखर सरळ आहे का. सरळ असेल तर फोटोत सरळ करायची.

“आणि भिंतच वाकडी असली तर?” मी एकदा विचारलं होतं.

“मग फोटोत वाकडीच ठेवायची, अक्का. ते तिचं तिचं आहे. आपण कोण?”

एका वसतिगृहाची भिंत अशीच दोन इंच कललेली निघाली. ‘सरळ करून द्या, पुस्तिकेत छापायचीय,’ असं तिथले लोक म्हणाले. कृष्णाजींनी काम सोडलं. त्या संध्याकाळी त्यांच्या घरी उपमा होता, पोळी नव्हती, असं माझ्या वहीत आहे. वाणी रागावली की उपमा करते.

यावरून माणूस कसा आहे ते कळावं. आता चादरी.

कृष्णाजींची मुलगी अनुषा एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत आहे. तिथंच शंतनु नावाचा मुलगा आहे. दोघांचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं आणि घरी सांगितलं ते या जानेवारीत. मुलगा त्यांच्यातलाच, भावसार. त्याचे वडील विनोदकुमार यांचा यशवंतपूरला गुळाचा घाऊक व्यापार. पत्रिका जुळली. मुलगी सगळ्यांना आवडली. राहिले फक्त भीमाचार्य.

भीमाचार्य वास्तू बघतात. त्यांना विचारल्याशिवाय विनोदकुमार खिडकीची कडीसुद्धा बदलत नाहीत. एकदा न विचारता गोदामाचं दार फिरवलं, तर त्या वर्षी गुळाला मुंग्या लागल्या. आदल्या वर्षी लागल्या नव्हत्या का, असं विचारायचं नाही. सून ज्या घरातून येते ते घर आधी आचार्यांनी बघायचं, असा विनोदकुमारांकडे रिवाज आहे. पण आचार्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते घरं बघायला जात नाहीत. फोनवर फोटो मागवतात आणि फोनवरच बोलून निकाल पाठवतात.

“दोनच फोटो पाठवा, कृष्णाजीअण्णा,” विनोदकुमार म्हणाले. “एक बाहेरून, एक हॉलचा. तुमच्यासारख्याला काय, हातचा मळ.”

कृष्णाजींनी मन लावून काढले. तिथंच चुकलं. साध्या फोनवर अर्धा हॉल काढून पाठवला असता तर कुणी काही बोललं नसतं. त्यांनी स्टँड लावला, वाइड लेन्स लावली, सगळं घर बसवलं. गल्ली अकरा फूट, म्हणून कॅमेरा वर केला. फोटोला हात न लावता तसेच पाठवले, कारण विनोदकुमारांना लगेच हवे होते.

आचार्यांचा निकाल आम्ही सगळ्यांनी माझ्या जेवणाच्या टेबलाभोवती बसून ऐकला. आवाज गोड होता.

“घर मागं सरकतंय. रस्त्यावर कुणी दिसलं की आत पळणारी माणसं दिसतात. ते एक असो. पण हॉल! दारापाशी रुंद, आत निमुळता. हे व्याघ्रमुख झालं. वाघाचं तोंड. दुकानाला उत्तम, संसाराला नाही. अशा घरातली मुलगी जाईल ते घर गिळेल. दुकान काढायचं असेल तर जरूर काढा.”

अनुषा हसायला लागली. वाणीनं तिच्याकडे बघितलं तेव्हा थांबली.

“दारातून वाइड लेन्सनं काढला की जगातला प्रत्येक हॉल व्याघ्रमुखीच येणार!” कृष्णाजी म्हणाले. “जवळचं रुंद, लांबचं अरुंद. देवळातही वाघच निघेल.”

“हे त्यांना सांगा,” वाणी म्हणाली. “मला सांगून काय? मी तर वाघाच्या तोंडात तीस वर्षं भांडी घासतेय.”

बाहेरच्या फोटोचा प्रश्न माझ्या खिडकीनं सोडवला. माझं स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर आहे, म्हणजे त्यांच्या घराच्या बरोबर निम्म्या उंचीवर. तिथून कॅमेरा वर करावा लागत नाही की खाली. मिक्सर बाजूला सरकवून कृष्णाजी ओट्यावर चढले, चकलीच्या डब्यावर कॅमेरा टेकवला आणि घर काढलं. ओळंब्यासारखं सरळ आलं. आचार्यांनी ते मान्य केलं. पण हॉलसाठी समोर कुणाचं स्वयंपाकघर नसतं.

मग कृष्णाजी यशवंतपूरला निघाले, टेप आणि लॅपटॉप घेऊन. मलाही रिक्षात घातलं, कारण एकोणऐंशी वर्षांच्या बाईसमोर कुणी आवाज चढवत नाही, असं त्यांचं म्हणणं. विनोदकुमारांच्या दुकानामागच्या खोलीत आचार्य बसले होते, पाय स्टुलावर लांब करून. आम्हाला गूळ आणि पाणी मिळालं.

“आचार्य, हॉल दारापाशी चौदा फूट दोन इंच,” कृष्णाजी म्हणाले. “आतही चौदा फूट दोन इंच. तीनदा मोजला.”

“कशानं?”

“टेपनं.”

“टेप गवंड्याची. आम्ही दृष्टीवर चालतो. जे दिसतं, ते.”

“पण दिसतं ते लेन्समुळं! लांबचं लहान दिसणारच ना?”

“मग लांबचं लहान दिसेल असं घर बांधलंच कशाला?”

कृष्णाजींनी लॅपटॉप उघडला. फोटोचा कोपरा धरून ओढला. हॉलची आतली भिंत पोळी लाटावी तशी रुंद होत गेली आणि हॉल चौकोनी झाला. चाळीस वर्षांची विद्या होती ती. आचार्य मात्र खुर्चीत मागे सरकले.

“थांबा, थांबा. तुम्ही भिंत ओढलीत.”

“फोटोतली.”

“विनोदकुमार, बघितलंत? हा गृहस्थ बसल्या जागी भिंती हलवतो.”

विनोदकुमारांचा चेहरा बदलला. “कृष्णाजीअण्णा, राग मानू नका. मुलीचे जे फोटो पाठवलेत, तेही असेच ओढलेत का?”

कृष्णाजींच्या तोंडातला गूळ तसाच राहिला. मीच म्हणाले, “मुलगी तुम्ही तुमच्या घरी दोनदा समोर बसवून पाहिलीत, विनोदकुमार. ओढलेली वाटली का?”

“तसं नाही हो अक्का,” ते म्हणाले. पण निकाल झालाच: हॉलचा नवा फोटो पाहिजे, दारातून पूर्ण हॉल दिसणारा, आणि त्याला बोट लावायचं नाही. जसा आहे तसा. त्यात वाघ निघाला तर विषय संपला.

परतताना रिक्षा मल्लेश्वरमला आली तेव्हा कृष्णाजी म्हणाले, “अक्का, भिंत सरळ. फोटो वाकडा येतो. फोटोला हात लावायचा नाही. मग हात लावायला राहिलं काय?”

उत्तर मला दिसत होतं आणि आवडत नव्हतं.

“भिंत,” ते म्हणाले.

त्या संध्याकाळी अनुषानं शेवटचा प्रयत्न केला. “अप्पा, रजिस्टर करू या ना. रजिस्ट्रार हॉलचा फोटो मागत नाही. शंतनुची पण तयारी आहे.”

“ते लोक या दारातून हसत आत आले पाहिजेत,” कृष्णाजी म्हणाले. “तू पळून गेल्यासारखी जाणार नाहीस. बाकी मला काही नको.”

वाणी फक्त म्हणाली, “किती कापड लागेल?”

कृष्णाजींनी माझ्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. लेन्स दारातून जितकं खोटं बोलते, तितकंच हॉलनं उलटं खोटं बोलायचं. दारापाशी हॉल सहा फूट करायचा, आत जाता जाता तिरप्या भिंतींनी रुंद होत चौदा फुटांपर्यंत न्यायचा. मग लेन्स त्याला ओढूनताणून चौकोनी करील, आपण बोटही लावायचं नाही. भिंती कापडाच्या. त्यांच्या भिंतींचा रंग मोतिया, आणि मोतिया रंगाच्या चादरी चामराजपेटमध्ये माझ्याइतक्या कुणाकडे नाहीत. मला नक्षी आवडत नाही.

त्यांनी वडिलांचं पायमशीन बाहेर काढलं. तेल घातलं. मी चादरी धरल्या, वाणीनं टाचण्या लावल्या आणि कृष्णाजींनी चाळीस वर्षांनी शिवण मारली. काय सुंदर मारली! पिनाफोरची आठवण झाली. लग्नातले पडदे लावायचे स्टुडिओतले लोखंडी दांडे उभे केले. जमिनीवरच्या फरशा रेषा दाखवतील म्हणून सतरंजी घातली. चादरीच्या भिंतीवर कॅलेंडर आणि घड्याळ सेफ्टी पिननं टांगलं. खरा स्विचबोर्ड मागं दडत होता, दिवा लावायला हात तर गेला पाहिजे, म्हणून मला विचारून एका चादरीला वीतभर चौकोनी भोक पाडलं आणि कडा काजासारख्या बांधून घेतल्या.

“वीस वर्षं लोकांच्या भिंती सरळ केल्यात,” वाणी टाचण्या तोंडात धरून म्हणाली, “आणि पोरीच्या लग्नात घरची वाकडी केलीत.”

“ओळंबा लावून वाकडी केलीय,” कृष्णाजी म्हणाले. ते खरं होतं. भिंत तिरपी होती, पण उभी अगदी सरळ.

फोटो काढला. हॉल काटकोनात आला, आत तसूभर रुंद. बोट न लावता पाठवला. दहा मिनिटांत आचार्यांचा आवाज आला: “आता बरोबर. आत किंचित मोठा. हे गोमुख. उत्तम. पहिला फोटो कुणाच्या घराचा होता?”

आम्ही हसलो, पेढे खाल्ले. आणि लगेच विनोदकुमारांचा फोन आला. आचार्य इतके खूश झाले आहेत, की गुडघा असला तरी रविवारी स्वतः येणार आहेत. सगळेच येतात, अकरापर्यंत.

म्हणून माझ्या चादरी उतरल्या नाहीत. आणि म्हणून पंखा लावायचा नव्हता.

रविवारी अकराला सगळे आले. विनोदकुमार, त्यांची पत्नी, शंतनु आणि काठी टेकत भीमाचार्य. दारापाशी सहाच फुटांची वाट, त्यातही एका बाजूला मी खुर्चीत. विनोदकुमार जरा तिरके होऊन आत आले.

“गोमुख म्हणजे पुढून असंच असतं,” आचार्यांनी त्यांना समजावलं. “आत या, मोकळं वाटेल.” आत खरंच मोकळं वाटत होतं. वाणीनं पोहे आणले. कुणीही भिंतीला टेकू नये म्हणून सगळ्या खुर्च्या मध्ये मांडल्या होत्या, त्यामुळे पाहुणे मुलाखतीला बसल्यासारखे दिसत होते. आचार्यांना मात्र पाय लांब करायला जागा हवी होती. ते माझ्या पलीकडे, दाराजवळ वेताची खुर्ची ओढून बसले. अगदी डाव्या चादरीला लागून. वाणीच्या हातातला चमचा थांबला.

गरम इतकं होत होतं की पोह्यांवरची कोथिंबीर मलूल झाली. विनोदकुमारांनी रुमाल काढला. “अक्का, स्वल्प फॅन लावा की.”

“बिघडलाय,” माझ्याआधी वाणी म्हणाली. “कालच.”

“वायरमनला सांगितलंय,” कृष्णाजी म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात.

लक्ष दुसरीकडे जावं म्हणून ते ग्रुप फोटो काढायला उठले. दारात स्टँड लावला. जागा इतकीशी, म्हणून लेन्स वाइडच. त्यांनी कॅमेऱ्यातून बघितलं आणि डोकं वर काढलं.

“आचार्य, जरा मध्ये या.”

“का?”

“तुम्ही कडेला आहात. आणि जवळही. माणूस ओढला जातो.”

“मला कोण ओढतो? गुडघा दुखतो माझा. बसलोय तिथं बसलोय.”

“निदान खुर्ची तरी...”

“काढा हो!” विनोदकुमार म्हणाले. “घामानं विरघळतोय आम्ही इथं.”

चाळीस वर्षांत कृष्णाजींनी कडेला जाड माणूस बसवून फोटो काढला नव्हता. आचार्य जाडही नाहीत, मध्यम आहेत. त्यांनी डोळे मिटूनच बटण दाबलं असावं. त्यांच्या कॅमेऱ्यातला फोटो आपोआप टेबलावरच्या लॅपटॉपवर उतरतो. तोही उतरला, पण तिकडे कुणी बघितलं नाही, कारण त्याच वेळी शंतनु उठला होता. मुलगा फार चांगला आहे. होणाऱ्या सासऱ्याला मदत करावी, एवढाच त्याचा विचार. त्यानं चादरीतल्या भोकातून हात घातला आणि म्हणाला, “बघतो मी, कधीकधी नुसतं बटण सैल असतं.”

अनुषा म्हणाली, “शंतनु, नको—”

पंखा उत्तम होता. पाचावर होता.

आधी उजवी भिंत श्वास घेतल्यासारखी फुगली. कॅलेंडर उलटं पालटं झालं आणि मार्चमधून ऑगस्टात गेलं. मग डावी भिंत फुगली, दांड्यावरून निसटली आणि घड्याळासकट भीमाचार्यांच्या अंगावर आली. क्षणभर खुर्चीत नुसती एक चादर बसलेली दिसत होती, हातात काठी धरलेली. चादरीच्या मागून फ्रिज, कपाट, कृष्णाजींच्या वडिलांचं पायमशीन आणि खरी भिंत बाहेर आली.

कुणी पंखा बंद केला नाही. निदान वारा तरी येत होता.

कृष्णाजींनी चादर उचलली, घडी घातली. आधी घडी, मग बोलणं. शिंप्याचा मुलगा आहे. “चौदा फूट दोन इंच,” ते म्हणाले. “दारात आणि आतही. मी सांगितलं होतं ते खरं होतं. फोटोसाठी भिंती वाकड्या केल्या, हेही खरं आहे. तुम्ही सांगितलंत, जसा आहे तसा पाठवा. बोट लावलं नाही मी.”

“म्हणजे फसवलंत!” विनोदकुमार उठले. “गुळात वाळू घालणारेसुद्धा एवढी मेहनत करत नाहीत हो! चला, शंतनु.”

शंतनु हलला नाही. हात अजून भोकात होता. “मी येत नाही, पप्पा,” तो म्हणाला. वाणी भिंतीला टेकली. आता खऱ्या भिंतीला टेकता येत होतं. कृष्णाजी दाराकडे बघत होते, ज्या दारातून हे लोक हसत आले होते आणि आता न हसता जाणार होते.

तेव्हा आचार्य म्हणाले, “हा कोण?”

ते लॅपटॉपकडे बघत होते. फोटोत मध्ये विनोदकुमार, त्यांची पत्नी, मुलं, सगळी छान. आणि डाव्या कडेला एक गृहस्थ. डोकं फणसाएवढं आणि फणसासारखंच आडवं. पोट खुर्चीच्या बाहेर. समोर लांब केलेला पाय इतका मोठा की त्या पायाच्या आधारानं अख्खं घर उभं आहे असं वाटावं.

“तुम्हीच, आचार्य,” कृष्णाजी म्हणाले.

“मी असा नाही.”

“नाही. लेन्स कडेचं आणि जवळचं ओढते.”

“पण मी असा नाही!” आता आवाज गोड नव्हता. त्यांनी आमच्या प्रत्येकाकडे बघितलं. “विनोदकुमार, मी असा आहे का?”

विनोदकुमारांनी फोटोकडे बघितलं, आचार्यांकडे बघितलं. ते व्यापारी माणूस आहेत. मालाकडे बघून बोलतात. “नाही,” ते म्हणाले. “निम्मे असाल.”

अनुषानं हळूच, अगदी सभ्यपणे विचारलं, “आचार्य, पण आपण दृष्टीवर चालतो ना? जे दिसतं, ते?”

वाणीनं डोळे मोठे केले. मी पोह्यांच्या बशीत बघत राहिले.

आचार्यांनी हात पुढे केला. “टेप आणा.”

कृष्णाजींनी टेप काढली आणि सवयीनं, भिंतीकडे न जाता, आचार्यांच्या कमरेला लावली. अडतीस इंच. छाती एकोणचाळीस. डोकं साडेबावीस. मापं मोठ्यानं वाचून दाखवली, वडील वाचत तशी. प्रत्येक आकड्याला आचार्य मान हलवत होते. मग म्हणाले, “आता भिंत.”

भिंत शंतनु आणि विनोदकुमारांनी मोजली. गुडघ्यावर बसून. चौदा दोन. चौदा दोन.

“चौकोन आहे,” आचार्य म्हणाले. “साधा चौकोन. वाघ नाही, गायही नाही.”

“मग मुलीचं?” विनोदकुमारांनी विचारलं. अजून रागातच होते. “आणि ह्या चादरी?”

“चादरी टांगल्यात, भिंत पाडली तर नाही. तुमच्या गोदामाचं दार न विचारता फिरवलं होतंत तेव्हा तुम्ही माझ्यापासून सहा महिने लपवलं होतंत. करा लग्न.” मग कृष्णाजींकडे वळून, जरा खाली आवाजात, “हा फोटो पुसता येतो ना?”

“मी फोटो पुसत नाही, आचार्य. काढलेला असतो तो असतो.” माणूस असा आहे, तेव्हाही नाही म्हणाला. वाणीनं कपाळाला हात लावला. “पण सरळ करून देतो. जसे आहात तसे. दहा मिनिटं लागतील.”

“ओढून?”

“ओढून.”

“सरी, ठीक आहे,” भीमाचार्य म्हणाले. “करा.”

त्यांनी शेजारी बसून करवून घेतलं. डोकं साडेबावीसच्या बेतानं आत आणलं, पोट आणलं, पाय आणला. ‘अजून थोडं,’ असं आचार्य तीनदा म्हणाले, कृष्णाजींनी दोनदा ऐकलं आणि तिसऱ्यांदा म्हणाले, “इथं अडतीस झालं. याच्या आत नाही.” तोवर विनोदकुमारांनी पोह्यांची दुसरी बशी घेतली होती आणि पंख्याखाली खुर्ची ओढली होती. जाताना ते वाणीला म्हणाले, “फॅन चांगला आहे हो तुमचा.” दारात सगळेच हसले. कृष्णाजींना ते बघता आलं नाही. फोटोतल्या पोटाची कड नीट झाली का, ते बघण्यात होते.

रविवार, ९ मार्च. ऊन कालच्यासारखंच. अनुषाचं लग्न वैशाखात, दिवस ठरायचा आहे. नळाला पाणी उशिरा, सात ते साडेसात. तीन चादरी भिजत घातल्या. चौथीला वीतभर भोक आहे, कड चांगली बांधलेली. तिच्यातून दोन उशांचे अभ्रे निघतील.